शेपूट लावलेली मूळ संख्या

नकार द्यायला रणधीर जगदाळेला जो काही वेळ लागला तो एवढाच, की त्याच्या बोटांना तांबडा रस्सा लागला होता आणि फोन खराब होऊ नये म्हणून ती आधी पुसावी लागली.

फोनवर सरकारी ओळ होती : 'सौ. ऋजुता रणधीर जगदाळे. मूत्रपिंडदान. घेणार : सख्खी बहीण. कर्त्याची संमती : होय / नाही.' त्यानं बोटं पुसली, 'नाही' दाबलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

वाढायला उभ्या असलेल्या ऋजुताच्या हातातला डाव तसाच राहिला. "एकदा डॉक्टरांशी बोला तरी," ती म्हणाली. "अनूच्या हातातल्या नसा संपत आल्यात. डायलिसिसची सुई टोचायला जागा उरली नाही. आईला मधुमेह, तिची किडनी घेता येत नाही. माझी जुळतेय."

"जुळू दे की. जुळतंय म्हणून द्यायचं असतंय व्हय?" रणधीर म्हणाला. "बाजार समितीची निवडणूक तोंडावर आलीया. बायकोला चिरायला पाठवली म्हणून लोक शेण घालतील तोंडात."

शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, मिशीवरचा रस्सा पुसला. "सूनबाई, जगदाळ्यांच्या घरातलं काय बी बाहेर जात न्हाई. ध्यानात ठेवा."

तीन पिढ्या हळद बाहेर पाठवूनच ज्या घरानं मजल्यावर मजले चढवले, त्या घराचा म्हातारा हे बोलत होता. ऋजुतानं नेहमीप्रमाणे मनातल्या मनात त्याची कीव केली आणि रस्सा वाढला.

कीव करण्यात ती तरबेज झाली होती. ती मिरजेच्या कॉलेजात गणित शिकवायची आणि सांगलीतल्या ह्या घरात, चुकीच्या स्टेशनावर उतरलेल्या बाईसारखी, पदर सावरून एका कडेला उभी असायची. नवरा मूर्ख आहे हे एकदा ठरवून टाकलं की त्याच्याशी भांडावं लागत नाही. नऊ वर्षं तिला ते सोयीचं पडलं होतं. आज पहिल्यांदा त्या मूर्खाच्या बोटाखाली तिची बहीण आली होती.

हे कर्त्याचं प्रकरण कुठून आलं ते सांगायला हवं. कोणाचाही चेहरा, आवाज आणि अंगठा घरबसल्या हुबेहूब बनवून देणारी यंत्रं स्वस्त झाली, तेव्हा सरकारची पाचावर धारण बसली. तासगावकडच्या एका म्हाताऱ्यानं आपली द्राक्षबाग राजीखुशीनं विकल्याची फीत निघाली. फितीत म्हातारा बोलत होता, हसत होता, अंगठाही उठवत होता. फक्त तो आदल्या वर्षीच वारला होता. अशी मेलेली माणसं धडाधड जमिनी विकू लागल्यावर राज्यकर्त्यांना गणिताचे पाय धरावे लागले. एरवी त्यांचा आणि गणिताचा संबंध मतमोजणीपुरता.

गणितानं दिलेला तोडगा जुनाच होता. जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, ती मूळ संख्या. सात ही मूळ संख्या, पंधरा नव्हे, कारण पंधराच्या पोटात तीन आणि पाच आहेत. मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. आता तीनशे-तीनशे अंकी दोन मूळ संख्या घ्या आणि त्यांचा गुणाकार करा. साधा फोन पापणी लवायच्या आत करून देतो. पण नुसता गुणाकार हातात ठेवून 'ह्याच्या पोटातल्या दोन संख्या काढ' म्हटलं, तर जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी शतकं पुरत नाहीत. क्वांटम यंत्रं हे काम चुटकीसरशी करणार, असं कित्येक वर्षं सांगितलं जात होतं. ती यंत्रं अजून यायचीच होती. त्यांच्यावरची व्याख्यानं मात्र वेळेवर येत होती.

म्हणून प्रत्येक घराला असा एक गुणाकार मिळाला. त्याचं नाव कुलांक. तो रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, कोणालाही दिसेल असा उघडा. पोटातल्या दोन संख्या मात्र घराच्या कर्त्याच्या कार्डात बंद. जमीन विकणं, गाडी घेणं, परदेशी जाणं, शरीराचा भाग दान करणं, असल्या सगळ्या गोष्टींना कर्त्याची संमती लागे. संमती देताना ते कार्ड दोन्ही संख्या न दाखवता, त्या आपल्याजवळ आहेत एवढंच पटवून देई. चेहरा बघायचा नाही, अंगठा घ्यायचा नाही. कायद्याचं वाक्य स्वच्छ होतं : ज्याला पोटातल्या दोन संख्या माहीत, तो कर्ता. त्यात 'पुरुष' हा शब्द कुठेही नव्हता. तो लोकांनी पदरचा घातला.

ह्या कुलपाचं सगळं बळ एका गोष्टीत होतं. तीनशे अंकी संख्यांमध्ये साधारण सातशेंमागे एक मूळ संख्या भेटते. म्हणजे त्या इतक्या आहेत की विश्वातले सगळे अणू त्यांच्यापुढे मूठभर. त्या अफाट गर्दीतली एक, जिला ना रूप ना नाव, ती यंत्रानं डोळे मिटून उचलायची. कोणाच्या लक्षात न येणं हेच तिचं काम.

आणि इथेच कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून 'पसंतीचा कुलांक' ही योजना निघाली. जादा पैसे भरा आणि आतल्या दोनांपैकी एक संख्या मनासारखी मांडून घ्या. जन्मतारीख घ्या, गुरूंचा आकडा घ्या, एकशे आठ एकशे आठ घ्या. गणिताच्या लोकांनी पत्रकं काढून कपाळ बडवून घेतलं. पत्रकं वाचतो कोण? आतली संख्या कोणाला दाखवता येत नाही, दाखवली तर कुलूपच राहत नाही, तरीही ती देखणी हवी म्हणून रांगा लागल्या. कोटाच्या आतल्या खिशाला जरीकाठ लावून घेण्यातला हा प्रकार.

सांगलीकडे तर आकड्यांचं वेड आधीपासूनचं. इंग्रजीत 4141 लिहायचे, त्यांना वेलांट्या-बाक देऊन 'दादा' असं वाचायला लावायचं आणि ती पाटी गाडीला ठोकायची, ही कला इकडच्या तरण्या पोरांना गाडी चालवता येण्याआधी येते. रणधीरच्या जीपवर 4141. फोनच्या शेवटी 4141. शीतगृहाच्या फाटकावर, हळदीच्या पोत्यांवर, जिममधल्या त्याच्या डंबेल्सवर 4141. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं असतं, तिथेही ह्यानं आधी 4141 काढलं होतं. भटजींना वाटलं, मुहूर्ताची वेळ लिहितोय.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ऋजुता दवाखान्यात गेली. धाकटी बहीण अन्विता, घरची अनू, यंत्राला जोडलेली पडली होती. मिरजेच्या सतारवाल्यांच्या गल्लीत ती तंबोऱ्यांची जवारी लावायची. तारेखाली दोरा सरकवून नेमका झणत्कार उठवणारे तिचे हात आता मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे झाले होते. पाणी दिवसाला मोजून दोन पेले. तिसऱ्याची आठवण आली की ती बर्फाचा खडा चघळायची.

"दाजी काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? रस्सा वाढला."

अनू हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "ताई, तुझं एक आहे. माणूस मूर्ख आहे हे सिद्ध झालं की खाली रेघ मारायची, आणि पुढचं गणित सोडवायचंच नाही."

ऋजुताला ते लागलं. "कोर्टात जाता येईल," ती म्हणाली.

डॉ. फरीदा मुजावर खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून आलेख बघत होत्या. "तारीख कधीची मिळेल?"

"दिवाळीनंतरची."

"दिवाळीपर्यंत आपल्याला थांबता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मानेतली नळी आता शेवटची आहे. हा महिना. फार तर पुढचा अर्धा." आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

"तो कुलांक फोडता नाही का येत?" अनूनं विचारलं. "तू तर तेच शिकवतेस."

"तो फुटत नाही, हेच शिकवते." आणि मग, सवयीनं, तिनं बहिणीला सहाशे अंकी संख्येचे अवयव पाडणं का अशक्य आहे हे समजावून सांगितलं. नीट, पायरी-पायरीनं, वर्गात सांगते तसं. अनूनं डोळे मिटले. अर्ध्यावर ऋजुताला स्वतःची शिसारी आली आणि ती थांबली.

रविवारी निवडणुकीच्या बोलणीसाठी कवठ्याहून दोन पाहुणे आले. दोघेही पांढऱ्या कपड्यांतले, गुळगुळीत, कोणत्याही बाजूला कलंडायला तयार. जेवण झालं आणि सुपारी कातरता कातरता आबासाहेबांनी आपली गोष्ट काढली.

ही गोष्ट म्हणजे घरातलं एक दुखणंच होतं. दर दिवाळीला फराळाबरोबर ती यायची, दर साखरपुड्यात यायची, कोणी कुलांक हा शब्द नुसता उच्चारला तरी यायची. पहिलं वाक्य ऐकलं की ऋजुता उठून स्वयंपाकघरात जायची. आजही ती उठली होती. पण हातात चहाचा ट्रे होता, पाहुण्यांचे कप घ्यायचे बाकी होते, म्हणून नाइलाजानं उभी राहिली.

"कुलांक काढाय गेलतो तवाची गंमत सांगतो," आबासाहेब म्हणाले. "साहेबाला म्हणलं, आत आमचाच आकडा पायजे. डोक्यापासनं पायापतूर त्योच. मधी दुसरं काय मिसळायचं न्हाई. साहेब यंत्रात बघून म्हणतोय, आबा, संख्या लई देखणी, पर ती फुटतीया. तिला भाग जातोय. हिला मागं शेपूट लावाय लागंल. म्हणलं, लाव की मर्दा! वाघाला बी शेपूट असतंय!"

पाहुणे हसले. ते कशालाही हसले असते.

"आनि लोकांच्यापेक्षा लांब घेतली. धा आकडं जास्त. म्हणलं, जगदाळ्यांचं सगळं दांडगंच असतंय."

ऋजुतानं ट्रे टेबलावर ठेवला. एक्केचाळीस एक्केचाळीस असं कितीही वेळा ओळीनं लिहा, त्या संख्येला एक्केचाळीसनं भाग जाणारच. दादा, दादा, दादा असं घसा फोडून ओरडलं तरी आत एक्केचाळीसच. म्हणून साहेबाला शेपूट लावावं लागलं. नऊ वर्षं ही गोष्ट तिच्या कानांवरून गेली होती, कारण सांगणारा माणूस ऐकण्याच्या लायकीचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "शेपूट केवढं लावलं हो?"

आबासाहेबांचा अडकित्ता थांबला. सुनेनं त्यांच्या गोष्टीत कधी रस घेतला नव्हता. म्हाताऱ्याचा चेहरा असा काही खुलला की क्षणभर तिला वाईटही वाटलं. "चार आकडी, सूनबाई! बारकं! वाघाचं न्हवं, सशाचं म्हणा!"

"अजून चहा घ्या," ऋजुता म्हणाली, आणि त्यांच्या कपात काठोकाठ ओतला.

सोमवारी दोन तासांच्या मधल्या सुट्टीत ती कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसली. समोर एक प्राध्यापक पगारवाढीवर बोलत होते, दुसरे डुलक्या काढत होते. तिनं फोनवर जगदाळ्यांचा कुलांक उघडला, तीनशे अंकांच्या हिशेबानं 41 एकापुढे एक मांडले आणि शेवटी चार जागा मोकळ्या सोडल्या. चार जागांत दहा हजार शक्यता. सम संख्या आणि पाचनं संपणाऱ्या गाळल्या की चारच हजार. जे काम सगळ्या जगाच्या यंत्रांना शतकानुशतकं पुरलं असतं, ते आता एका फोनचं, चहा निवेपर्यंतचं काम होतं.

पहिल्या खेपेला काहीच हाती लागलं नाही. मग आठवलं, लोकांच्यापेक्षा दहा आकडे जास्त. तिनं आणखी पाच वेळा 41 लिहिलं आणि पुन्हा बटण दाबलं.

फोन थांबला. कुलांकाला पुरता भाग गेला होता. खाली भागाकार म्हणून दुसरी मूळ संख्या आपसूक उतरली होती. ती बिचारी यंत्रानं निवडलेली, बिनचेहऱ्याची. तिनं आपलं काम चोख बजावलं होतं. घात केला तो देखण्या जोडीदारानं.

आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, आणि तोही स्वतःचाच. ही किल्ली दर दिवाळीला चकलीबरोबर तिच्या पुढ्यात ठेवली जात होती. कुलूप फुटत नाही हे तिला पुस्तकातून माहीत होतं. ज्यांच्या दाराला ते होतं त्या माणसांकडे मात्र तिनं एकदाही धड पाहिलं नव्हतं. अनूच्या हातातली एकेक नस जात होती, तेव्हा ही बाईसाहेब वरून सगळ्यांची कीव करत बसली होती. मूर्खांनी गाडीवर पाटी लावावी, शहाणीनं मनात लावावी. फरक तो किती?

तिनं सरकारी संकेतस्थळावर 'कार्ड जवळ नाही' ह्या रकान्यात दोन्ही संख्या भरल्या. यंत्रानं तिचं नाव विचारलं नाही, चेहरा मागितला नाही. 'नमस्कार, कर्ते,' एवढंच म्हटलं. तिनं 'मूत्रपिंडदान' उघडलं आणि 'होय' दाबलं. मग 'कुलांक बदला' हे बटण दिसलं. तिथे दोन पर्याय होते, पसंतीचा आणि साधा. तिनं साधा घेतला.

पुढचा तास संपवून ती बाहेर आली, तोच 4141 कॉलेजच्या फाटकातून आत शिरली. रणधीरनं जीप झाडाखाली आडवी लावली आणि फोन तिच्या तोंडापुढे धरला. त्यावर दोन ओळी होत्या : कर्त्यानं संमती दिली आहे, आणि, आपलं जुनं कार्ड रद्द झालं आहे.

"कुणी फोडला नंबर? कुठला हॅकर गाठलास?"

"हॅकर कशाला? तुम्हीच दिलात," ऋजुता म्हणाली. "रोज देत होतात." तिनं जीपच्या पाटीकडे बोट केलं. "एवढंच. पुन्हा पुन्हा. आणि मागं आबांचं शेपूट."

त्यानं पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला, पण शिरला तेव्हा मानेपर्यंत लाली उतरली. "पोलिसात जातो मी. चोरी हाय ही."

"जरूर जा. कायदा म्हणतो, ज्याला संख्या माहीत तो कर्ता. तेव्हा चोरी नाही. पण तक्रार घेतील. मात्र तक्रार केली की फुटलेली संख्या जाहीर करावी लागते, पुन्हा कोणी तिच्यावर व्यवहार करू नये म्हणून. वर्तमानपत्रात छापतात, पूर्ण. तीनशे दहा अंक, रणधीर. दादादादादादादादा, असं चांगलं अर्धं पान. मार्केट यार्डात कोणीतरी मोठ्यानं वाचेल. निवडणूक तोंडावर आहे."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती त्याला नावानं हाक मारत होती, पण ते लक्षात येण्याच्या स्थितीत तो नव्हता. वरून कावळा ओरडला. त्यानं घाम पुसला आणि वडिलांना फोन लावला. स्पीकर चालू राहिला, कारण बंद कसा करायचा हे त्या घटकेला त्याला सुचेना.

आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. नुसता अडकित्त्याचा आवाज येत राहिला.

"कुणाला कळलंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अजून कुणाला न्हाई."

"मग संमती तूच दिलीस. कळलं का? बायकोच्या भनीसाठी काळजावर दगड ठेवून दिलीस." अडकित्ता पुन्हा वाजला. "फोटोवाल्याला बोलव."

ऋजुताला वाटलं होतं, आता आपल्याला ह्या माणसांच्या कशाचंही नवल वाटणार नाही. तो अंदाजही चुकला.

शस्त्रक्रिया पार पडली. डॉ. मुजावर म्हणाल्या की नवं मूत्रपिंड टेबलावरच कामाला लागलं. जणू इतके दिवस ते परवानगीचीच वाट बघत होतं. तिसऱ्या दिवशी ऋजुता कमरेला हात लावून खिडकीपर्यंत चालत गेली आणि तिथेच खिळून राहिली. चौकात फ्लेक्स लागला होता. 'अवयवदानाचे महामेरू! आपल्या घरातील किडनी समाजासाठी अर्पण करणारे दानशूर युवा नेते, रणधीरदादा जगदाळे यांचा जाहीर सत्कार.' मध्ये गॉगल घातलेला रणधीर, पुरुषभर उंच. वर कोपऱ्यात आशीर्वाद देणारे आबासाहेब. खाली शुभेच्छुकांची ओळ, पिंट्या, सोन्या, बंड्या, आणि त्या ओळीत शेवटून दुसरी, पासपोर्टच्या फोटोएवढी, ऋजुता.

"काय आहे?" अनूनं खाटेवरून विचारलं.

ऋजुतानं वाचून दाखवलं. अनू हसायला लागली, टाके ओढले म्हणून कळवळली, आणि कळवळून पुन्हा हसली. तिच्या गालांवर कित्येक महिन्यांनी माणसाचा रंग दिसत होता. ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या फ्लेक्सनं ते आणलं नव्हतं.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. दानशूरांनी भाषणात सांगितलं की देताना फार दुखलं. समोरच्या पांढऱ्या कपड्यांनी टाळ्या पिटल्या, कवठ्याचे दोघे पहिल्या रांगेत होते. निवडणूकही तो जिंकला. लोक असे असतात, आणि बाजार समित्या लोकांच्याच असतात.

ऋजुता सांगलीला परत गेली नाही, माहेरीच राहिली. आधी तब्येतीचं कारण होतं, मग तेही सांगायची गरज उरली नाही. तिनं रणधीरला स्वच्छ निरोप दिला : वेगळं व्हायच्या कागदावर सही करा, आणि येऊन मागा. दोन्ही संख्या तुमच्या हातात ठेवते, दुसऱ्या मिनिटाला तुम्ही कर्ते. ह्यातलं सही करणं त्याला जमलं असतं. मागणं जमेना. बायकोपुढे उभं राहून 'दे' म्हणायचं, ह्यापेक्षा तिच्या फोनवर विनंत्या पाठवणं त्याला सुसह्य वाटत होतं, कारण त्या पाठवताना तोंड दिसत नाही. शीतगृहाचं वीजजोड, ट्रॅक्टर, आबासाहेबांची काशीयात्रेची विमानाची तिकिटं. ती प्रत्येकाला 'होय' दाबत असे. आबांच्या तिकिटाला तर खिडकीजवळची जागाही मिळावी असं तिला वाटलं.

आंब्याचे दिवस आले. आईनं पायरीचा रस काढला होता. डायलिसिसवर असताना अनूला आंब्याकडे बघायचीही बंदी होती. आता ती तिसरी वाटी घेऊन बसली होती, आणि मध्येच तांब्या उचलून घटाघट पाणी पीत होती. पाणी पिताना तिच्या घशाचा होणारा आवाज ऐकत राहावासा वाटे. ऋजुता ऐकत होती, तेवढ्यात फोन वाजला.

अनूनं वाकून वाचलं. "'रणधीर जगदाळे. नवी जीप. पसंतीचा क्रमांक 4141. कर्त्याची संमती : होय, नाही.'" तिनं तांब्या खाली ठेवला. "ताई, नाही दाब. एकदाच. माझ्यासाठी."

ऋजुताच्या बोटांना रस लागला होता. ती फोनकडे बघत राहिली. 'नाही' हा शब्द फार जवळ होता, आणि मोह झाला, खरंच झाला. सांगलीत कुठल्या तरी शोरूममध्ये तो फेटा बांधून, हार घातलेल्या जीपशेजारी, हसरा चेहरा करून ताटकळत असेल, हे तिला स्पष्ट दिसलं.

"तुला आवडतंय ना हे?" अनूनं विचारलं.

"आवडतंय," ऋजुता म्हणाली. "म्हणूनच 'नाही' दाबत नाही."

ती उठली, मोरीवर जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि 'होय' दाबलं. रणधीर जगदाळेला दादा म्हणवून घ्यायची परवानगी मिळाली. मग ती ताटावर परत आली आणि तिनं आईपुढे वाटी सरकवली.